साखरझाडाची दक्षिण बाजू

सायकमोर ओढ्यावर इनॉक स्टॅलार्डची एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. कुणाचं घर उभारायला माणसं जमली, मक्याची कणसं सोलायला बसली, की कुणीतरी म्हणायचं, "इनॉककाका, ती मोजणीची सांगा." आणि इनॉक सांगायचा.

सतराशे पंच्याऐंशी सालचा एप्रिल. झाडांना पानं फुटली नव्हती. इनॉकची जमीन मोजायला मोजणीदार आला. मापाची साखळी ओढायला त्याने दोन माणसं घेतली आणि झाडांवर खुणा घालायला इनॉकला. बायबलवर हात ठेवून शपथ झाली. चारशे एकर, चार कोपरे. हद्दीवरच्या झाडाला कुऱ्हाडीच्या दोन खुणा, कोपऱ्याच्या झाडाला तीन. "चारी कोपरे ह्या हातानं," इनॉक हात वर करायचा. "छातीच्या उंचीवर. एक घाव वाया नाही गेला."

इथवर आलं की त्याची बायको टेमर उठायची आणि चुलीत एक लाकूड सारायची. जाळ चांगला असला तरी.

टेमरला जाऊन आता सहा वर्षं झाली होती. सन अठराशे तीस. इनॉक बहात्तर वर्षांचा होता. दोघं मुलगे मिसूरीला निघून गेले होते; तिकडे जमीन सपाट आहे आणि झाडं तोडावी लागत नाहीत, असं त्यांनी कळवलं होतं. झाडं न तोडता मिळालेल्या जमिनीला माणूस आपली कशी म्हणतो, हे इनॉकला समजलं नाही. घरात आता तो आणि विधवा मुलगी केझिया. केझिया चव्वेचाळीस वर्षांची. उंचीने आईएवढीच. आईचे कपडे तिने शिवण न उसवता वापरले.

इनॉक आणि टेमर केंटकीत आले ते त्र्याऐंशीच्या शरद ऋतूत, डोंगरातल्या खिंडीतून. दोन घोडे होते. एकावर मक्याचं बियाणं, मीठ, कुऱ्हाड, गिरमिट आणि लोखंडी काहील. दुसऱ्यावर टेमर, पण अर्धी वाट ती चालतच आली, कारण पहिल्याच्या पाठीवर जखम झाली आणि त्याचं ओझं तिच्या घोड्यावर आलं. तीनशे मैल. काहील घासत होती म्हणून जखम झाली, आणि काहील टाकून दे असं इनॉक दोनदा म्हणाला.

"घोडा बरा होईल," टेमर म्हणाली. "काहील रानात उगवत नाही."

पहिला हिवाळा त्यांनी झाडाच्या सालींच्या पडवीत काढला. तीन बाजू बंद, चौथ्या बाजूला जाळ. भाकरी नव्हती. हरणाच्या वाळल्या मांसाला ती दोघं भाकरी म्हणायची आणि अस्वलाच्या मांसाला मांस. मक्याला हात लावायचा नाही, ते बियाणं. वसंतात इनॉकने सहा एकरांतल्या झाडांची साल गोलाकार सोलली. झाड उभ्या उभ्या मरतं, पानं येत नाहीत, ऊन खाली पोचतं आणि मका होतो. नांगर मुळांत अडकायचा. दिवसाला पाव एकर झालं तर पुष्कळ. नांगराला कधी दगडी बाणाचं टोक लागायचं. त्या रानात त्यांच्या आधी शॉनी लोक शिकार करत होते. त्यांची हद्द कोणत्या झाडावर होती, हे मोजणीदाराने विचारलं नव्हतं, आणि इनॉकनेही नाही.

ती काहील अजूनही टिकून होती. ओढ्याच्या वर, जमिनीच्या पूर्वेच्या टोकाला, छत्तीस साखरझाडं होती. हिवाळा सरताना रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं, त्या तीन-चार आठवड्यांत ह्या झाडांना भोक पाडलं की गोड रस ठिबकतो. तो आटवला की साखर. चाळीस बादल्या रसाला एक बादली पाकही होत नाही. लाकूड फोडा, रस वाहा, जाळ घाला, ढवळा. इनॉकला ते काम आवडत नव्हतं. मेहनतीच्या मानाने हातात फार थोडं येतं, असं त्याचं मत होतं. टेमर मात्र फेब्रुवारी उजाडला की हवा हुंगायला लागायची. तिचे दोन तान्हे जीव त्या झाडांखाली पुरले होते. शेवटी तीही तिथेच गेली. डोक्याशी ओढ्यातला एक चपटा दगड उभा केला. त्यावर अक्षर नव्हतं. ओढ्यावर दगड कोरणारं कुणी नव्हतं आणि इनॉकला लिहिता येत नव्हतं.

ह्या छत्तीस झाडांवरून वाद उभा राहिला.

हायरम टॅकेट हा शेजारी. वीस वर्षांपूर्वी आलेला, पन्नाशीचा, दांडगा आणि तोंडाळ माणूस. त्याच्याकडे व्हर्जिनियाहून विकत घेतलेला जुना कागद होता. कागदाप्रमाणे त्याची जमीन स्टॅलार्डच्या पूर्वेच्या कोपऱ्याला भिडत होती. प्रश्न एवढाच, की तो कोपरा कुठे. इनॉक म्हणायचा, वरच्या मोठ्या साखरझाडाशी. हायरम म्हणायचा, खाली ओढ्याकाठच्या साखरझाडाशी. कागदात नुसतं 'एक साखरझाड' लिहिलंय. खालचं झाड धरलं तर सगळी राई हायरमची होत होती.

"थडग्यांना मी हात लावायचा नाही, काका," तो म्हणाला होता. "कुंपण घालून देईन. पण तिथं मला तंबाखू लावायचीय. झाडं जाणार."

काउंटीच्या कोर्टाने पंच नेमला. लेम्युएल पेटन. फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी, सकाळी, तो खांद्याला वहीची पिशवी लावून राईत आला. रस चालू होता. झाडाझाडाखाली रस झेलायला लाकडाच्या डोण्या होत्या, आणि केझिया काहिलीपाशी पळी घेऊन उभी होती.

अशा वादात झाडच उघडायची रीत होती. खूण घातली की त्याच उन्हाळ्यापासून झाड तिच्यावर लाकूड चढवतं, वर्षाला एक कडं. बाहेरून साल धरते, काही दिसत नाही. पण दावेदाराने जागा दाखवायची, तिथून ठोकळा काढायचा, आत खूण सापडली तर तिच्यावरची कडी मोजायची. मोजणीपासून पंचेचाळीस उन्हाळे गेले होते. पंचेचाळीस कडी भरली तर कोपरा पक्का. ठोकळा विरुद्ध बाजूच्या माणसाने काढायचा, म्हणजे नंतर कुणी लबाडी म्हणायला नको. म्हणून कुऱ्हाड हायरमच्या हातात होती.

इनॉकची शपथ झाली. पेटन म्हणाला, "काका, आता जागा दाखवा."

इनॉक मोठ्या झाडापाशी गेला. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा. त्याने ओढ्याकडची, उत्तरेची बाजू धरली आणि छातीशी हात टेकवला. "इथं."

"छाती तेव्हाची का आत्ताची?" हायरम म्हणाला. "आत्ताची बरीच खाली आलीय तुमची."

"तुझी तर पोटात उतरलीय. मार घाव."

"तसं नव्हे, काका. पंचेचाळीस वर्षांत झाड वाढलं ना? खूण वर गेली असेल की."

"झाड शेंड्याला वाढतं. बुंधा नुसता जाड होतो. खूण घातली त्याच उंचीवर राहते. वीस वर्षं रानात काढून एवढं नाही कळलं?"

हायरमने घाव घालायला सुरुवात केली. वर एक खाच, खाली एक खाच, वीतभर खोल. मग मधला ठोकळा पाचर मारून सोडवायचा. इनॉकला ते बघवेना. हायरम खांद्याच्या जोरावर मारत होता, कुऱ्हाड एकाच जागी दोनदा पडत नव्हती.

"ते झाड आहे, साप नव्हे," इनॉक म्हणाला. "तिरका मार. मग सरळ मार. मग ढलपी निघते. नुसतं चेचतोयस."

"तुम्ही या मग."

"आलो असतो. रीत नाही."

एकेचाळीस घावांनी ठोकळा सुटला. इनॉकने मोजले होते. पंचविसांत व्हायला हवं होतं. पेटनने ठोकळा गुडघ्यावर घेतला, चाकूने तासला, फिरवला, मग झाडातली खाच बोटांनी चाचपली. लाकूड पांढरंशुभ्र होतं. एक रेघ नव्हती.

"कोरं आहे," पेटन म्हणाला.

 खाचेतून रस पाझरायला लागला होता. हायरमने कुऱ्हाड खाली ठेवली आणि दुसरीकडे बघितलं.

"आणखी एक जागा दाखवता येईल," पेटन म्हणाला. "एकच. झाडाची चाळण करणार नाही मी. तिथंही नाही निघालं, तर कोपरा खालच्या झाडाशी लिहावा लागेल."

इनॉक एका पालथ्या डोणीवर बसला. त्याला खरोखर काही सुचत नव्हतं. छातीच्या उंचीवर, ह्या हाताने. इतक्या वेळा सांगितलं होतं. झाड चुकलं नव्हतं, राईत ह्याच्याएवढं जुनं दुसरं नव्हतं. मग खूण गेली कुठे?

समोर केझिया खाली वाकली. तिने लाकडाच्या ढिगातलं एक लाकूड उचललं आणि काहिलीखाली सारलं. जाळ चांगला होता. ठिणग्या उडाल्या. ती सरळ झाली आणि बापाकडे बघत राहिली.

इनॉकने तिच्याकडे बघितलं. मग जाळाकडे. मग परत तिच्याकडे.

हिला माहीत आहे, त्याला कळलं. हिला आईने सांगितलंय.

आणि मग सगळं परत आलं. सांगून सांगून त्याच्यावर साल चढली होती, एवढंच. एप्रिलच्या त्या दिवशी तीन कोपरे त्याने घातले, छातीच्या उंचीवर, ते खरं. पण त्याला हिवताप होता, एक दिवसाआड, ठरल्या वेळी येणारा. दुपारी तीनच्या सुमारास, ह्या झाडापाशी पोचता पोचता, थंडी वाजून आली. कुऱ्हाड हातातून पडली. मोजणीदार म्हणाला, मी उद्या येणार नाही. कोपरा आज बंद झाला नाही तर तुझी जमीन एका बाजूला उघडी. इनॉक उठला आणि परत पडला. दातावर दात आपटत होते. जेवण घेऊन आलेली टेमर तिथेच होती. तिने कुऱ्हाड उचलली.

"पडून राहा तू," ती म्हणाली.

त्याने पडल्या पडल्या घाव मोजले. दुसरं काही करता येत नव्हतं. कुऱ्हाड तिला जड होती. एका घावात खूण बसेना, तिने प्रत्येक खुणेला दोन घातले. तीन खुणा, सहा घाव. मोजणीदाराने कागदावर शपथ घेतलेल्या माणसाचं नाव लिहिलं, इनॉकचं, आणि घोड्यावर बसला.

पहिल्यांदा गोष्ट सांगताना इनॉकने तेवढं गाळलं. पुरुषमाणसं बसली होती. दुसऱ्यांदा गाळायला लागलं नाही, ते आपोआप गळलं.

तो उठून झाडाभोवती हळूहळू फिरला. बुंध्यावर चाळीस वर्षांच्या भोकांचे वण होते. उत्तरेला, पूर्वेला, पश्चिमेला, गुडघ्यापासून कमरेपर्यंत. दक्षिणेकडे एकही नव्हता. उन्हाची बाजू. रस सगळ्यात आधी त्याच बाजूला सुटतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यावरून तो टेमरला दरवर्षी बोलायचा. "ऊन सोडून सावलीत भोक पाडतेस. अक्कल खिंडीपलीकडे ठेवून आलीस काय?"

"त्या बाजूला माझं काम आहे," टेमर म्हणायची. बाकी काही नाही.

इनॉक पेटनपाशी गेला. "पंच, एक विचारायचंय. शपथ मी घेतली होती. ह्या झाडाच्या खुणा मी नाही घातल्या. दुसऱ्या कुणी घातल्या, बिनशपथेच्या. असं मी बोललो तर जमीन जाते का?"

पेटन म्हणाला, "ते आधी सांगता येत नाही, काका. आधी तुम्ही बोलायचं, मग झाड बोलेल, मग मी."

हायरम जवळच उभा होता. उद्या हे सगळ्या ओढ्यावर होणार, इनॉकला माहीत होतं. थडग्यांच्या तीन दगडांकडे न बघता तो बोलायला लागला. तापाचं सांगितलं. मोजणीदाराचं सांगितलं. "टेमरनं घातल्या. दक्षिणेकडे. तीन खुणा, पण घाव सहा. प्रत्येक खुणेत दोन. दुसरा घाव पहिल्याच्या जरा वर पडलेला असेल, कारण कुऱ्हाड तिला पेलत नव्हती."

"पण काका, एक घाव वाया नाही गेला, म्हणता ना तुम्ही?" हायरम म्हणाला. "चाळीस वर्षं ऐकवताय—"

"पंचेचाळीस. आणि नाहीच गेला वाया. माझे नव्हते, एवढंच." त्याने हाक मारली, "केझिया, इकडं ये. झाडाला पाठ लावून उभी राहा."

"हातात पळी आहे, बाबा."

"पळीसकट ये."

केझिया झाडाच्या उन्हाच्या बाजूला पाठ टेकवून उभी राहिली. इनॉकने तिच्या खांद्याच्या चार बोटं खाली सालीवर हात ठेवला. त्याच्या छातीपेक्षा ते वीतभर खाली होतं.

"इथं," तो म्हणाला. "आणि हायरम, नीट मार. हे झाड तिचं आवडतं होतं."

 ह्या वेळी हायरमने पाय रोवले, तिरका घाव घातला, मग सरळ. ढलप्या सुटून पडायला लागल्या. इनॉक मोजत होता. सव्वीस. हा माणूस शिकवलं तर शिकतो, त्याच्या मनात आलं.

पाचर बसली. लाकूड कडकडलं, पण ठोकळा जिथे मोडायला हवा होता तिथे मोडला नाही. जुन्या कुठल्यातरी सांध्यावरून तो आपणहून, झाकण निघावं तसा निघाला. आत, बुंध्याला, काळपट पडलेल्या तीन खुणा होत्या. एकाखाली एक. प्रत्येकीच्या वर जरा तिरकी अशी दुसरी धार.

पेटन गुडघ्यावर बसला. ठोकळ्याची कड ओली करून चाकूच्या टोकाने कडी मोजत गेला, दहा झाली की एक टोचा. मग उलट बाजूने परत मोजली. इनॉकने मोजणीकडे लक्ष दिलं नाही. तो खाचेत बोट घालून उभा होता. खुणा जेमतेम अर्धं पेर खोल होत्या. तेवढ्यासाठी दोन घाव. त्याने घातल्या असत्या तर अंगठाभर खोल गेल्या असत्या. पण त्याने घातल्या नव्हत्या.

"पंचेचाळीस," पेटन म्हणाला.

"आणि शपथेचं?" हे हायरमने विचारलं.

"कोर्टाला मी लिहून देणार ते हे. कोपरा कुठे पडला तेवढंच मी बघतो. खूण मोजणीच्या वर्षीची आहे, मोजणीदारासमोरची आहे. झाडाला शपथ कळत नाही. तुम्हाला हरकत घ्यायची असेल तर आत्ता घ्या, लिहून घेतो."

हायरमने कुऱ्हाडीच्या धारेवरून अंगठा फिरवला. "सहा घाव आधी सांगून निघाले," तो म्हणाला. "आता मी काय हरकत घेऊ? लिहा." मग इनॉककडे वळून म्हणाला, "ती गोष्ट आता कशी सांगणार, काका?"

"लांबेल जरा."

पेटनने डोणीवर वही ठेवली आणि लिहायला लागला. मध्येच थांबला. "जुन्या कागदावर खुणा घालणारा म्हणून तुमचं नाव आहे. चौथ्या कोपऱ्याला मी काय लिहू?"

"टेमर," इनॉक म्हणाला. "टेमर स्टॅलार्ड. ओढ्यावरचीच."

पेटनने लिहिलं. इनॉक त्याच्या खांद्यावरून वाकून वहीत बघत होता.

"कुठलं ते?"

"काय?"

"तिचं नाव. ह्यातलं कुठलं?"

पेटनने बोट ठेवलं. इनॉकने त्याच्या बोटाच्या जागी आपलं बोट ठेवलं. शाई ओली होती, शेवटचं अक्षर जरा पुसलं गेलं.  पेटनने ते परत गिरवलं.

ठोकळा पुरावा म्हणून पेटनच्या पिशवीत गेला. हायरम कुऱ्हाड खांद्यावर टाकून ओढ्याकडे उतरला. जाताना केझियाने पळीतला गरम पाक बर्फावर ओतला आणि घट्ट झालेला एक तुकडा त्याच्या हातावर ठेवला. तो घेतला त्याने. गोड आहे म्हणाला.

झाडाच्या दोन्ही जखमांतून आता रस वाहत होता. ऊन वर आलं होतं. दक्षिणेकडच्या खाचेतून धार जाड होती. पंचेचाळीस वर्षांत त्या बाजूने पहिल्यांदाच.

"वाया कशाला जाऊ द्यायचा?" केझिया म्हणाली आणि दोन रिकाम्या डोण्या ओढत घेऊन आली. एक उत्तरेला ठेवली, एक दक्षिणेला. दक्षिणेकडची धारेच्या दोन बोटं अलीकडे पडत होती. इनॉक वाकला आणि डोणी सरकवून धारेखाली नीट बसवली.